एक्कावन्नावी प्रत

शेवटचा रंग पांढरा होता. रंग कसला, घागरीच्या पोटावर वीतभर लांब अशी एक वाकडी रेघ आणि गळ्यापाशी चिंचोक्याएवढा एक ठिपका. त्याआधी दहा रंग बसून झाले होते, तरी ती घागर मला चपटीच दिसत होती, कुणीतरी लाटून ठेवल्यासारखी. आबांनी कागद खुणांना लावला, जाळीची स्क्रीन खाली घेतली आणि रबराची पट्टी दोन्ही हातांत धरून एका दमात आपल्याकडे ओढली. स्क्रीन वर उचलली आणि मी बघतच राहिले. घागर गोल झाली होती. कागदातून पुढं आली होती. ती काठोकाठ भरलेली आहे, उचलायला गेलं तर कमरेत कळ येईल, हे त्या एका रेघेनं दिसायला लागलं होतं.

"बसली," एवढंच आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे सासरे, बळवंत काटकर. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांच्या पिशव्या, कधी निवडणुकीचे झेंडे. माझे यजमान उदय शिरोलीला फौंड्रीत. त्यांना रंगाचा वास सोसत नाही. मग लग्न होऊन आल्यावर दुपारी फोन घ्यायला म्हणून मी दुकानात बसले ती बसलेच. ही गोष्ट दोन हजार आठ सालची, तेव्हा मला तिथं सोळा वर्षं झाली होती. रंग ढवळणं, स्क्रीन धुणं, पार्टीशी हुज्जत घालणं, सगळं माझ्याकडे. हुज्जत जरा जास्तच, असं आबा म्हणायचे. मी तोंडाळ आहे, ते मला मान्यच आहे.

तर त्या घागरीचं असं झालं. दिवाळीनंतर मुंबईहून एक बाई आल्या. केतकी वागळे. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस बारीक कापलेले, अंगात खादीचा कुर्ता आणि पायात रबरी चप्पल. मला वाटलं, पत्रिका छापायला आल्यात. मग कळलं की मोठ्या चित्रकार आहेत, परदेशात प्रदर्शनं होतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. चित्रं कसली काढतात? तर प्लास्टिकचा मग, नायलॉनची दोरी, रॉकेलचा कॅन. रोजच्या वस्तू, पण माणसाएवढ्या मोठ्या आणि डोळे दिपतील अशा भडक रंगांत. त्यातली ही घागर. प्लास्टिकची, गुलाबी, मागे पिवळा रंग. चित्राचं नाव 'पाणी आलं'. आमच्या मोरीत तसल्या तीन घागरी होत्या, एकीचा काठ उंदरानं कुरतडलेला. मी नाक मुरडलं. म्हटलं, हे घ्यायला माणसं रांग लावतात?

रांग लावली होती, हे खरं. पन्नास प्रती निघणार होत्या, पन्नासच, आणि त्या छापायच्या आधीच गेल्या होत्या. प्रत्येक प्रतीवर बाई स्वतः पेन्सिलीनं आकडा घालणार, सही करणार, आणि त्यानंतर ते चित्र पुन्हा म्हणून छापलं जाणार नाही. मला हे काही केल्या पटेना. आमच्या धंद्यात पाचशे पत्रिका घेणाऱ्याला मी हजार घ्या म्हणून गळ घालायची, जास्त छापलं की स्वस्त पडतं म्हणून. आणि ही बाई मुद्दाम कमी छापते. मी आबांना म्हटलंसुद्धा, एकदा स्क्रीन बनवलीच आहे तर पाचशे ओढा की, कुणाचं काय जातं.

आबा माझ्याकडे बघतच राहिले, मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखे.

केतकीताई आबांकडे का आल्या, तेही सांगायला हवं. आबा तरुणपणी मुंबईला गिरगावात होते. तिथं ते पत्रिका नाही, चित्रकारांची चित्रं छापायचे. त्यांचा हात तिथं नावाजलेला होता. मग एका चित्रकाराच्या चाळीस प्रतींच्या कामात एक प्रत जादा निघाली, बाजारात गेली, आणि आळ आबांवर आला. आबा सगळं सोडून कोल्हापूरला आले आणि पुन्हा चित्राच्या कामाला हात लावला नाही. हे मला सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, सांगताना पदर डोळ्यांना लावून. देवमाणसावर आळ घेतला मेल्यांनी, त्यांचं वाटोळं होईल, असं त्या म्हणायच्या. त्या गेल्या तोवर म्हणत होत्या. उदयही तेच ऐकत मोठे झाले. आमच्या घरात ती एक जखमच होती. आबांसमोर कुणी मुंबईचं नाव काढायचं नाही.

केतकीताईंनी कुणाकडे तरी आबांनी छापलेलं एक जुनं चित्र पाहिलं आणि पत्ता काढत आल्या. आबा चार दिवस नाही म्हणाले. पाचव्या दिवशी हो म्हणाले, पण अटी स्वतः घातल्या. पन्नास म्हणजे पन्नास. खराब झालेला प्रत्येक कागद फाडून पोत्यात ठेवायचा आणि बाईंना दाखवायचा. रंग झाला की स्क्रीन त्याच दिवशी धुऊन कोरी करायची. केतकीताई म्हणाल्या, छपाई करणाऱ्याला एक प्रत द्यायची पद्धत असते, ती तुम्ही घ्या. आबा म्हणाले, नको. मी मध्येच बोलले, नको कशाला, घ्या की. आबांनी मला पाणी आणायला आत पाठवलं.

मोजून साठ कागद आले होते. जाड, सुती, हाताला दुलईसारखे. अकरा रंगांत दहा कागद तरी जाणार, हा आबांचा हिशेब. तीन आठवडे आम्ही दुसरं काम घेतलं नाही. गुलाबीच तीन तऱ्हेचा होता आणि आबा तो डोळ्यांनी जुळवायचे. एकदा सगळा डबा कालवून झाल्यावर म्हणाले, हा गुलाबी आजारी आहे, आणि पुन्हा पहिल्यापासून बसले. मला दोन्हींत काडीचा फरक दिसत नव्हता. कागदावर ओढल्यावर दिसला. सत्तरीला आलेला माणूस, साखरेचा आजार, पाय सुजायचे, तरी टेबलावरून हलायचे नाहीत. त्या तीन आठवड्यांत मी त्यांना मनातल्या मनात किती वेळा नमस्कार केला असेल, देवाला ठाऊक. सोळा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी उभा राहून 'चि. सौ. कां.' छापत होता आणि त्याच्या हातात काय आहे याचा मला पत्ता नव्हता.

पांढरा रंग त्या दिवशी चारच्या सुमाराला संपला. मी रॅकवरच्या प्रती मोजल्या. पुन्हा मोजल्या. खराब झालेले नऊ कागद पोत्यात होते.

"एक्कावन्न आहेत," मी म्हटलं.

मला आनंद झाला होता. नेहमीच्या कामात दोन-चार जास्त निघाल्या की पार्टी खूश होते. आबांचा चेहरा मात्र उतरला. ते स्वतः येऊन मोजून गेले. मग सगळ्या प्रती एकेक करून बघितल्या, एखादीत काही खोट निघते का म्हणून. कुठं रंग सरकलेला नाही, डाग नाही, बोट लागलेलं नाही. एक्कावन्नच्या एक्कावन्न चोख. पाऊण तासानं त्यांनी त्यातली एक बाजूला काढली. कोणती काढावी हे ठरवायलाच तेवढा वेळ लागला असावा.

"ही जादा हाय. उद्या सकाळी बाई येतील, त्यांच्यासमोर फाडायची," ते म्हणाले. आणि हात धुऊन, टोपी घालून घरी गेले.

मी एकटी त्या प्रतीसमोर उभी राहिले. काय सांगू, माझा जीव तळमळत होता. खराब कागद फाडले तेव्हा काही वाटलं नव्हतं. पण ही तर बोलायचीच बाकी होती. अकरा वेळा त्या कागदावरून आबांचा हात फिरला होता. ज्यांनी ती पैसे भरून घेतली त्यांच्या भिंती मुंबईत आणि परदेशात, आणि ज्यानं ती केली त्याच्या घरी आठवणीला एक तुकडा नाही. हा कुठला न्याय? आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाही हवी होती. तीन आठवड्यांपूर्वी नाक मुरडलेल्या त्या घागरीवरून माझी नजर हटत नव्हती.

आमच्या दुकानात एक रीत होती. कुठल्याही कामाची पहिली चांगली प्रत निघाली की तिला हळदकुंकू लावून गणपतीपुढं ठेवायची. मग ती लग्नपत्रिका असो की खानावळीचं मेनूकार्ड. ती प्रत कुणाला द्यायची नाही, मोजायची नाही, आणि फाडायची तर नाहीच नाही. एकदा एका कामगारानं गणपतीपुढच्या पत्रिकेचा कागद फाडून त्यावर फोन नंबर लिहून घेतला, तर आबांनी त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. घागरीच्या कामाला मात्र आबांनी गणपतीची प्रत ठेवली नव्हती. देवाला तोंडी सांगितलंय, म्हणाले होते.

मी दिवा लावला. हळदीच्या वाटीत बोट बुडवलं आणि त्या एक्कावन्नाव्या प्रतीच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर मधोमध टेकवलं. मग कुंकू. दोन अक्षता. प्रत फळीवर गणपतीशेजारी टेकवून उभी केली, हात जोडले आणि मनात म्हटलं, घ्या, आता फाडून दाखवा. कुलूप लावून घरी आले तेव्हा मला हसू येत होतं. रात्री झोपही छान लागली, इतकी मी शहाणी.

सकाळी आबा माझ्या आधी दुकानात पोचले होते. मी शटरखालून आत शिरले तर ते फळीसमोर स्टुलावर बसलेले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मी दहा उत्तरं तयार ठेवली होती.  त्यांनी माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर त्या कुंकवावर होती.  तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण थट्टा केलेली नाही, काहीतरी भलतंच करून ठेवलंय.

नऊ वाजता केतकीताई आल्या. रॅकसमोर गेल्या. पन्नास गुलाबी घागरी एकीखाली एक. त्या वाकून वाकून बघत होत्या, नाकाला रंग लागेल इतक्या जवळून. मग आबांच्या पायांना हात लावायला वाकल्या. आबा झटकन मागे सरले.

"थांबा बाई. आधी हे बघा," असं म्हणून त्यांनी फळीकडे बोट दाखवलं.

मी पुढे होऊन सगळं सांगून टाकलं. हे मी केलं, आबांचा काही संबंध नाही, त्यांनी फाडायला सांगितली होती, मला बघवलं नाही. केतकीताई हसल्याच. त्यांना ते फार आवडलं. म्हणाल्या, अहो मग यात अडचण काय आहे, ठेवा ती इथंच, मी त्यावर छपाईकारांसाठी असं लिहून सही करते, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. त्यांनी पिशवीतून पेन्सिलही काढली. माझा जीव भांड्यात पडला. आबांकडे बघितलं तर ते मान हलवत होते.

"न्हाई. पन्नास म्हणून तुम्ही लिहून दिलंय लोकांना. माझ्या सांगण्यावरनं दिलंय."

"पण फाडणार कशी? आबा, पुजलेली आहे," मी म्हटलं. माझा तोच एक हुकमाचा पत्ता होता.

"पुजलेल्याचं आपण दरवर्षी काय करतो शैलजा?"

 दरवर्षी देवदिवाळीला गणपतीपुढची सगळी चळत बांधून आम्ही पंचगंगेवर नेऊन सोडत होतो. सोळा वर्षं मी स्वतः ती पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. एवढं माझ्या लक्षात यायला नको होतं का?

आबांनी प्रत स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळली. केतकीताई म्हणाल्या, मीही येते. त्यांना वाटत असावं, वाटेत म्हातारा विरघळेल. मलाही तीच आशा होती.  दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी हळूच म्हटलं, आबा, माझं चुकलं, पण शिक्षा त्या चित्राला नको. त्यांनी फक्त कापडाचं टोक नीट केलं.

घाटावर सकाळची उन्हं आली होती. खाली दोन बायका धुणं धूत होत्या. आबांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. मी धरायला गेले तर हात नको म्हणाले. कापड सोडलं. उन्हात ती घागर अशी काही उजळली की धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, एवढं चांगलं चित्र टाकताय व्हय, द्या की आमच्याकडं, घरात लावू. मला वाटलं, बाई, तू माझ्या मनातलं बोललीस.

केतकीताई माझ्या शेजारच्या पायरीवर होत्या. त्या खाली वाकून म्हणाल्या, "आबा, अजून वेळ आहे. एका प्रतीनं माझं काही बिघडत नाही. खरंच सांगते."

 आबा पाठमोरेच बोलायला लागले, आवाज न चढवता. त्यामुळं मला दोन पायऱ्या खाली उतरावं लागलं.

"गिरगावात असंच झालं होतं. चाळीस पायजे होत्या, एक्केचाळीस निघाल्या. फाडायला घेतली आणि हात हलंना. म्हटलं, कुणाला कळतंय. ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. रोज रात्री काढून बघायचो. मग भागीदारानं बघितली. त्यानं ती नेली, आकडा घातला, खोटी सही केली आणि इकली. एका आकड्याच्या दोन प्रती झाल्या. लोकांनी सगळ्याच परत आणून टाकल्या. सामंत चित्रकाराचं नाव गेलं, पुन्हा कुणी त्याचं चित्र घेतलं न्हाई. तो माझ्या दारात आला. म्हणाला, बळवंत, तू ठेवली होतीस का, एवढंच सांग. मी न्हाई म्हटलं. उदय सहा वर्सांचा होता, शेजारी उभा होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून न्हाई म्हटलं."

 मी तिथंच पायरीवर बसले. सासूबाई मरेपर्यंत ज्यांना शिव्याशाप देत होत्या, ती माणसं खरी होती. पोराच्या डोक्यावर हात ठेवून. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर. मला राग यायला हवा होता, आणि आलाही, आग लागल्यासारखा आला. पण त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघितलं आणि तो कुठं टेकवावा ते कळेना. पस्तीस वर्षं त्यांनी हे एकट्यानं धरून ठेवलं होतं. आणि काल संध्याकाळी मी काय केलं होतं? तीच प्रत पुन्हा त्यांच्या ट्रंकेत नेऊन ठेवली होती, वर कुंकू लावून.

केतकीताई चपला न काढताच पाण्यात उतरल्या. आबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी समजुतीचं बोलतील, किंवा काहीतरी जिव्हारी लागेल असं. त्यांनी विचारलं ते निराळंच.

"ती प्रत कशी होती?"

आबांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसणार. विचारणार तरी कोण?

"सगळ्यांत चांगली," ते म्हणाले.

मग ते वाकले आणि घागर पाण्यावर ठेवली. टाकली नाही, ठेवली, पाळण्यात मूल ठेवतात तशी. ती तरंगली. रंग वर, कागद खाली, सबंध चित्र सपाट पाण्यावर पसरलं आणि हलक्या ओढीनं आमच्यापासून दूर जायला लागलं. हळद आधी सुटली, पिवळी रेघ होऊन. कुंकू त्यामागून. घागरीचा रंग मात्र तसाच, उलट पाण्याखाली तो आणखी गडद झाला. कागद सुती होता, पाणी पीत पीत जड झाला, एक कोपरा खाली गेला, मग दुसरा. बुडताना ती उभी झाली. हातभर पाण्याखाली एक भरलेली गुलाबी घागर क्षणभर उभी होती, तिच्या पोटावर तो पांढरा उजेड, आणि त्यावरून खरी नदी वाहत होती. मी आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलेलं नाही. देवळात नाही, कुठं नाही.  धुणं धुणाऱ्या त्या बाईनं ओल्या हातांनीच नमस्कार केला. मग ती गेली.

दुकानात परत आलो तेव्हा अकरा वाजले होते. मी चहा ठेवला. आबांनी पाय पुसले आणि कोपऱ्यात जाऊन बसले, आता आपलं काम संपलं असं. केतकीताईंनी टेबल पुसून घेतलं, पन्नास प्रती ओळीनं मांडून घेतल्या आणि पहिली समोर ओढली. डावीकडे आकडा, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. पेन्सिल कागदावर हलकी कुरकुरत होती. मग त्यांनी ती प्रत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली आणि आबांना हाक मारली.

"इथं, आकड्याच्या खाली, तुमची सही पाहिजे."

आबा उठलेच नाहीत. म्हणाले, चित्र तुमचं, माझी सही कशाला.

"चित्रासाठी नाही मागत. छापलं तेव्हा मी इथं नव्हते आबा. पन्नासच आहेत हे मी कशावरून सांगू लोकांना? तुम्ही होता. तुम्ही सही करा, म्हणजे मी सांगते."

"माझ्या शब्दाची काय किंमत हाय ते आत्ताच ऐकलंत की घाटावर."

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मागते आहे."

मी चहाचं भांडं तसंच गॅसवर सोडून दारात उभी राहिले.  चहा उतू गेला, त्याचा वास आला, तरी मी हलले नाही. मग आबा उठले. टेबलापाशी आले, हात पुन्हा एकदा धुऊन आले, चष्मा लावला. बळवंत रामा काटकर, सबंध नाव, एकेक अक्षर सुटं. हा माणूस अकरा रंग केसाइतकेही न हलू देता बसवायचा आणि स्वतःचं नाव लिहिताना त्याचा हात थरथरत होता. दुसऱ्या प्रतीवर थोडा कमी. दहाव्या प्रतीपर्यंत तो थांबला.

मी एकेक प्रत उचलून दोघांच्या मधून फिरवत राहिले. आधी बाईंकडे, मग आबांकडे, मग रॅकवर.  बाहेर एक माणूस पत्रिका छापायला द्यायला आला, त्याला मी हातानंच थांबवलं, आणि तोही उभा राहून बघत राहिला. मर्यादित प्रती म्हणजे काय, यावर मी तीन आठवडे तोंडसुख घेतलं होतं. ते माझं मलाच आठवलं आणि लाज वाटली. पन्नास माणसांना हा म्हातारा सांगत होता की याहून जास्त नाही, मी साक्षी आहे. आणि ते खरं होतं. त्यासाठी त्यानं काय पाण्यात सोडलं होतं, ते त्या पन्नासांतल्या कुणालाच कधी कळणार नव्हतं.

शेवटची प्रत मी रॅकवर ठेवून मागे वळले. केतकीताईंनी पेन्सिल खाली ठेवली होती. आबांनी नाही. ते चष्म्यातून माझ्याकडे बघत पुढच्या प्रतीची वाट पाहत होते.

"आबा, झाल्या," मी म्हटलं.

त्यांनी रॅककडे बघितलं. मग टेबलावरून, जिथं प्रती मांडल्या होत्या तिथून, तळवा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. लाकूड होतं नुसतं.

"पन्नासच व्हत्या," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर लहान पोरासारखे रडायला लागले.